डेनालीत जादा दिवस काढायचेत: ट्रेक आणि फोटोग्राफी एकत्र कशी बसवावी?

चाफेकळी
नमस्कार मंडळी,
ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात अलास्का ठरलंय. सासरच्या गोतावळ्याबरोबर क्रूझ, मग रेल्वेने डेनाली राष्ट्रीय उद्यान, तिथे दोन रात्री आणि परत अँकरेज, असं तयार पॅकेज आहे. त्यातला निम्मा वेळ सामान आणि जेवणाच्या रांगांत जाणार, उरलेला बसटूरमध्ये. बाकीची मंडळी परत गेली की आम्ही दोघं मागे राहून तीन-चार दिवस वाढवायचं म्हणतोय. मला चालायचंय, नवऱ्याला फोटो काढायचेत. ही दोन कामं एका वेळी होत नाहीत, हा आमच्या संसारातला जुना वाद आहे.

प्रवेशद्वारापाशीच हॉटेल वाढवून घ्यावं की आत तंबू टाकावा? आतला रस्ता बंद आहे असंही ऐकलं. मग एवढे दिवस काढून हाती काय लागेल? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

शंकासुर
स्पष्टच सांगतो, राग मानू नका. पार्कात रस्ता एकच, ९२ मैलांचा, आणि तो ऑगस्ट २०२१ पासून ४३ व्या मैलाच्या आसपास बंद आहे. आयल्सन व्हिजिटर सेंटर ६६ व्या मैलावर, वंडर लेक ८५ व्या. म्हणजे पोस्टकार्डावरचा तो तळ्यातल्या प्रतिबिंबाचा फोटो बसने जाऊन मिळणार नाही. त्यात ज्याच्यावरून पार्कचं नाव पडलं ते डेनाली शिखर कायम ढगात. येणाऱ्यांपैकी साधारण ३० टक्के लोकांनाच ते दिसतं म्हणतात. जादा दिवस पार्कच्या दक्षिणेच्या टॉकीटना गावाला द्या, तिथून छोट्या विमानाने हिमनदीवर उतरा, दोन तासांत काम फत्ते.

डोंगरकाका
शंकासुर, माहिती बरोबर आहे, निष्कर्ष पटला नाही.

आधी रस्त्याचं. ४५ व्या मैलाच्या पुढे प्रिटी रॉक्स नावाचा उतार आहे. त्याच्या पोटात बर्फ आहे आणि तो वितळतोय, त्यामुळे वरचा रस्ता खाली सरकतो. २०१४ च्या आधी सरकणं वर्षाला काही इंच होतं. २०१९ मध्ये ते दिवसाला काही इंचांवर गेलं आणि २०२१ मध्ये तासाला अर्ध्या इंचाच्याही पुढे. रोज खडी ओतून तो भरता येईना, म्हणून बंद केला. आता तो भाग ओलांडणारा पूल बांधताहेत. तुम्ही निघायच्या आधी पार्कच्या संकेतस्थळावर रस्त्याची सद्यस्थिती बघून घ्या. कुठल्याही धाग्यावरच्या माहितीवर विसंबू नका, माझ्याही.

पण ४३ मैल म्हणजे काही थोडं नाही. पार्क जवळपास २४,५०० चौरस किलोमीटरचं आहे आणि त्यातल्या आखीव पायवाटा बहुतेक सगळ्या प्रवेशद्वाराजवळ. बाकी सगळीकडे वाट नाहीच. बसमधून कुठेही उतरायचं, मनात येईल त्या कड्याकडे चालू लागायचं, परत रस्त्यावर येऊन पुढच्या बसला हात करायचा. हे एका दिवसाच्या टूरमध्ये करता येत नाही. जादा दिवस हवेत ते याच्यासाठी.

चाफेकळी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: राहायला आत जा. तेक्लानिका कॅम्पग्राउंड, मैल २९. एका जागी तीन रात्री.

मुग्धा_सिएटल
काकांना अनुमोदन. आम्ही मुलांना घेऊन तेक्लानिकाला राहिलो होतो. खासगी गाड्या एरवी १५ व्या मैलापर्यंतच, सॅव्हेज नदीपर्यंत, सोडतात. पण तेक्लानिकाचं बुकिंग असेल तर स्वतःची गाडी २९ मैलांपर्यंत नेता येते. अट अशी की किमान तीन रात्री राहायचं आणि गाडी एकदा लावली की निघेपर्यंत हलवायची नाही.

त्या बदल्यात ‘टेक पास’ मिळतो. एका फेरीच्या तिकिटाच्या पैशांत मुक्काम असेपर्यंत रोज ट्रान्झिट बसने (टूरची नव्हे, वाटेत कुठेही चढ-उतार करता येणारी) फिरायचं. सकाळी पाऊस लागला तर तंबूत पत्ते कुटायचे, दुपारी उघडलं की बस पकडायची. प्रवेशद्वारापाशी राहिलात तर आत शिरण्यातच रोज सकाळ जाते.

१५ वर्षांपर्यंतच्या मुलांना ट्रान्झिट बस फुकट आहे, कुणाला उपयोग असेल तर.

चाफेकळी
आमच्याकडे गाडी नाही! पॅकेज रेल्वेचं आहे. तिथे भाड्याने मिळेल का?

डोंगरकाका
पार्कच्या दारात गाडी मिळेल या भरवशावर राहू नका. दोन रस्ते आहेत.

एक, रेल्वेने तसंच पुढे फेअरबँक्सला जायचं, साधारण चार तास. तिथून गाडी घेऊन परत यायचं, अंतर १२० मैलांच्या आसपास, दोनेक तास. येताना खाण्यापिण्याचं सामानही शहरातूनच भरून घ्या. दोन रात्रींच्या हॉटेलापेक्षा हे स्वस्त पडतं. भाड्याच्या करारात खडीच्या रस्त्याबद्दल काय लिहिलंय ते मात्र आधी वाचा. पार्कातला रस्ता पहिल्या १५ मैलांनंतर डांबरी नाही.

दोन, गाडीचा नाद सोडायचा आणि कॅम्पर बसने तंबू घेऊन जायचं. सँक्च्युअरी (मैल २२) आणि इग्लू क्रीक (मैल ३५) ही दोन छोटी कॅम्पग्राउंड तंबूवाल्यांसाठीच आहेत. पिण्याचं पाणी तिथे ओढ्याचं, गाळून-शुद्ध करून घ्यावं लागतं. तंबूची सवय असेल तर मला इग्लू क्रीक जास्त आवडतं. आजूबाजूच्या कड्यांवर डॉल मेंढ्या (पांढऱ्या जंगली मेंढ्या) असतात. पांढरे ठिपके हलायला लागले की समजायचं बर्फ नाही. २००५ मध्ये या ओढ्याजवळच डायनोसॉरच्या पावलाचा ठसा सापडला होता, हे जाता जाता.

टिपकागद
फोटोग्राफीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून माझे दोन पैसे.

पहिली गोष्ट, नवरोबांना विचारा, काय टिपायचंय? शिखर की प्राणी की नुसता टुंड्रा, म्हणजे झाडं नसलेला माळ? कारण अस्वलाचा क्लोजअप डोक्यात असेल तर तो आधीच काढून टाकलेला बरा. डेनालीत अस्वलापासून ३०० यार्ड, म्हणजे सुमारे २७५ मीटर लांब राहायचा नियम आहे. दोन मीटर लांबीचं अस्वल २७५ मीटरवरून ४०० मिलिमीटरच्या लेन्सने टिपलं तर फुलफ्रेम सेन्सरवर ते तीन मिलिमीटरपेक्षा कमी येतं. फ्रेमची रुंदी ३६ मिलिमीटर. म्हणजे बारावा हिस्सा. ६०० लावली तरी आठव्या हिश्शाच्या आसपास. आणि एवढ्या लांबून उन्हाच्या दिवशी हवेतली लहर मध्ये येते ती वेगळीच, मग लेन्स कितीही महाग असो.

मूस (तिथलं सगळ्यात मोठं हरीण), कॅरिबू (रेनडिअर), मेंढ्या यांना २५ यार्डांचा नियम आहे, म्हणजे २३ मीटर. तिथे गणित उलटतं. पूर्ण वाढलेला मूस ४०० मध्ये मावणारच नाही. म्हणून माझ्या मते १००-४०० झूम आणि एक वाइड लेन्स, बास. अस्वल लहान येऊ द्या, त्याच्या मागे अख्खी दरी येऊ द्या. तसलेच फोटो तिथले वाटतात. बाकीचे प्राणिसंग्रहालयात काढल्यासारखे दिसतात.

अस्वल बसच्या अगदी जवळ आलं तर बसमधूनच टिपायचं. चालक इंजिन बंद करेपर्यंत थांबा आणि लेन्स खिडकीच्या कडेला टेकवू नका, सगळी थरथर त्यातून येते. कोपर अंगाशी, शटर १/१००० च्या वर. हात किंवा लेन्स खिडकीबाहेर काढलेली चालत नाही. जाताना डावीकडची खिडकी धरा, शिखर त्या बाजूला असतं.

शंकासुर
असतं म्हणजे, ढगात असतं.

टिपकागद
हो ना! पण जादा दिवसांचं गणित इथेच बघा. रोज ३० टक्के धरलं तर एका दिवसात न दिसण्याची शक्यता ७० टक्के. चार दिवस सलग न दिसण्याची ०.७ चा चौथा घात, साधारण २४ टक्के. म्हणजे चार दिवसांत निदान एकदा दिसण्याची शक्यता ७६ टक्के झाली की.

पायपीट
सांख्यिकीच्या मास्तरांनी कान पिळला असता तुमचा. हवा रोज नव्याने नाणं उडवत नाही. एकदा ओलं वारं अडकलं की चार-पाच दिवस सलग झाकोळ, आणि मग एकदम दोन दिवस लख्ख. त्यामुळे सलग चार दिवस म्हणजे चार स्वतंत्र संधी नव्हेत. खरा आकडा ७६ पेक्षा बराच खाली असणार.

टिपकागद
मान्य. पण दोन रात्रींच्या पॅकेजपेक्षा वर असणार हे तर धराल?

पायपीट
ते धरतो.

चाफेकळी
दोघांचेही आभार, नवरा हे वाचून खूश झालाय आणि पायपीट यांच्यावर थोडा रुसलाय :) आता चालण्याबद्दल सांगा ना. वाट नसताना चालायचं म्हणजे नेमकं काय? सह्याद्रीत ढोरवाटा तरी असतात.

पायपीट
वेग विसरा. सपाट दिसणारा टुंड्रा सपाट नसतो. गवताचे डोक्याएवढे गठ्ठे, मधे पाणी, पाय गठ्ठ्यावर ठेवला तर मुरगळतो, खाली ठेवला तर भिजतो. खाली विलोची झुडपं असतील तर छातीपर्यंत, त्यात तासाला एक मैल झाला तरी खूप. म्हणून नवख्यांनी दोनच गोष्टी कराव्यात: एकतर नदीच्या पात्रातल्या खडीवरून चालावं, नाहीतर लवकरात लवकर झुडपांच्या वर, कोरड्या टुंड्रावर चढून जावं. सॅव्हेजच्या पुढचा प्रिमरोज रिज या दुसऱ्या प्रकारासाठी झकास. ईस्ट फोर्क नदीला पुलाखालचं रुंद पात्र पहिल्या प्रकारासाठी.

आणि एक गोष्ट आपल्या सवयीच्या अगदी उलट. वाट नसेल तिथे एकामागोमाग एक चालायचं नाही. पसरून चालायचं, प्रत्येकाने आपापल्या रेषेत. दहा जण एकाच रेषेत गेले की तिथे वाट उमटते आणि ती भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. रेंजर हे आवर्जून सांगतात.

दिवसाच्या चालीला परवाना लागत नाही. रात्री आडरानात तंबू टाकायचा असेल तर लागतो. तो फुकट असतो, पण प्रत्यक्ष जाऊन घ्यावा लागतो. पार्कचे ८७ भाग पाडलेत आणि बऱ्याच भागांत रोज ठरावीकच माणसं सोडतात. अन्नासाठी अस्वलाला न उघडणारा डबा तेच देतात. चूल, अन्न आणि तंबू एकमेकांपासून शंभर-शंभर यार्डांवर, त्रिकोणात.

केशर_के
एक शंका. सेबल पासला उतरता येतं का? फोटो फार सुंदर बघितलेत.

पायपीट
नाही. तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे एकेक मैल उतरायला बंदी आहे, ग्रिझली अस्वलांसाठी राखलेला पट्टा. ही बंदी १९५० च्या दशकापासून आहे. बसमधून बघायचं. सेबल ३८ ते ४२ मैलांच्या दरम्यान येतं, म्हणजे तेक्लानिकाहून ईस्ट फोर्कला जाताना वाटेतच. याशिवाय कुठे शिकार पडलेली असेल, कुठे घरटं असेल, तर त्या-त्या वेळी छोटे पट्टे बंद करतात. व्हिजिटर सेंटरला रोजचा नकाशा लावलेला असतो, तो बघूनच निघायचं.

डोंगरकाका
नदी राहिली की. ही सगळ्यात महत्त्वाची.

अस्वलाची भीती सगळ्यांना असते. मला पाण्याची वाटते. हिमनदीचं पाणी राखेच्या रंगाचं, तळ दिसत नाही, घोट्याएवढं आहे की कमरेएवढं ते आत पाय घातल्यावर कळतं. पात्र एक नसतं, वेणीसारखे पंधरा-वीस फाटे असतात. सकाळी पाणी कमी. ऊन चढलं की वर बर्फ वितळतो आणि दुपारनंतर फाटे फुगतात. सकाळी नऊला घोट्यापर्यंत ओलांडलेला फाटा संध्याकाळी परत येताना मांडीपर्यंत आलेला असतो, आणि मग माणूस पलीकडच्या काठावर बसून राहतो. पाऊस झाला असेल तर सकाळचाही भरवसा नाही.

ओलांडायचाच असेल तर जिथे पात्र सगळ्यात रुंद आणि जास्त फाट्यांत विभागलेलं असेल तिथून. अरुंद जागी पाणी खोल असतं. सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा म्हणजे पडलात तर सॅक टाकता येईल. बूट पायातच. अनवाणी जाण्याचा शहाणपणा नको, पाण्यातले दगड गडगडत असतात. आणि तुमच्यासारख्या तीन-चार दिवसवाल्यांना सांगतो, ओलांडूच नका. रस्ता ज्या काठाला आहे त्याच काठाने चाला, बघायला भरपूर आहे.

मुग्धा_सिएटल
काका, मूसबद्दल पण सांगा. सगळे अस्वल अस्वल करतात.

डोंगरकाका
बरोबर बोललीस. अस्वल दिसलं तर पळायचं नाही, मूस अंगावर आला तर पळायचं आणि झाडामागे जायचं. दोन्हीची गल्लत करू नका! कान मागे पडले आणि मानेवरचे केस उभे राहिले की तो चिडलाय. ऑगस्टअखेर नर मूस शिंगांवरची मखमल झुडपांना घासून काढतात, सप्टेंबरात माजावर येतात. त्या दिवसांत त्यांच्या फार जवळ रेंगाळू नये.

चालताना बोलत राहा. अस्वलाला चाहूल लागली की बहुतेक वेळा तेच बाजूला होतं. ऑगस्टात ते ब्लूबेरी खाण्यात इतकं गढलेलं असतं की तुम्ही न बोलता गेलात तर दचकेल. दचकलेलं अस्वल नको.

टिपकागद
चाफेकळी, तुमची तारीख फोटोंसाठी उत्तम आहे, हे सांगायचं राहिलंच. ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा पहिला आठवडा टुंड्रा लाल होतो. झाडं नव्हे, जमीन. गुडघ्याएवढी झुडपं तांबडी, विलो पिवळे, वर नवा बर्फ. जूनमध्ये दिवस वीस तासांहून मोठा असतो, सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, त्यामुळे चांगला उजेड हवा तर झोप सोडावी लागते. ऑगस्टअखेर रात्र परत आलेली असते, डासही बरेच कमी झालेले असतात, आणि आकाश मोकळं असेल तर ध्रुवीय प्रकाशही दिसू शकतो. तेक्लानिकासारख्या अंधाऱ्या जागी राहण्याचा हाही फायदा.

शिखराच्या उत्तर बाजूला आपण असतो, म्हणून भरदुपारी तो डोंगर सपाट आणि निळसर दिसतो. पहाटे आणि संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की त्याला अंग येतं. पहिली बस त्यासाठी सोडू नका.

ओल्या टुंड्रावर पोलरायझर फिल्टर लावून बघा, लाल रंगावरची चमक जाते. बॅग मात्र बसमध्ये बंद ठेवा, धूळ मरणाची. ड्रोन आणायचा विचारही नको. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून त्याला बंदी आहे.

केशर_के
चालणारी आणि थांबणारा, या जुन्या वादावर तोडगा सुचवते. आमच्याकडेही तीच गत आहे. एक दिवस दोघांचा वेगळा करा. तिने रेंजरबरोबर डिस्कव्हरी हाइकला जावं. आधी व्हिजिटर सेंटरला प्रत्यक्ष नाव नोंदवावं लागतं, मोजकीच माणसं नेतात, आणि वाट नसलेल्या भागात नेतात. एकटीने आडरानात जाण्यापेक्षा ते बरं. त्याने दिवसभर बसमध्ये बसून ईस्ट फोर्कपर्यंत येरझाऱ्या घालाव्यात. त्याच पट्ट्यातून दिवसातून तीनदा गेलं की तीन वेगळे उजेड मिळतात. संध्याकाळी एकमेकांना फुशारक्या मारायच्या.

उरलेल्या दिवसांत चालणाऱ्याने थांबणाऱ्याला घाई करायची नाही. हे लिहून घ्या.

शंकासुर
बरं, तुमचं सगळ्यांचं ऐकलं. तरी माझं म्हणणं उरतंच. चार दिवस तंबूत पाऊस आणि ऑगस्टात ४ अंश, हे सगळ्यांना झेपतं असं नाही. बर्फ तिथे कुठल्याही महिन्यात पडू शकतो. तंबूची सवय आहे का, हे कुणी विचारलंच नाही.

चाफेकळी
रास्त प्रश्न. मला आहे, नवऱ्याला नाही. तो म्हणतो जमेल. मला शंका आहे.

डोंगरकाका
मग तंबूऐवजी फेअरबँक्सहून छोटी कॅम्परव्हॅन बघा. तेक्लानिकाला वीज-पाण्याची जोडणी नाही, पण छप्पर आणि गादी कोरडी राहते. तेही नको असेल तर प्रवेशद्वाराच्या उत्तरेला ११ मैलांवर हीली गाव आहे, तिथे खोली घ्या आणि दोन दिवस बसचं तिकीट काढा. शिवाय बसशिवाय करण्यासारखं एक दिवसाचं भरपूर आहे. माउंट हीली ओव्हरलुकची चढण दमवते, जवळपास १७०० फूट. सॅव्हेज अल्पाइन ट्रेल चार मैलांचा, एका टोकाला चढून दुसऱ्या टोकाला उतरायचं, फुकट शटलने मागे यायचं. हवा स्वच्छ असेल तर त्यावरून शिखर दिसतं. ट्रिपल लेक्स साडेनऊ मैल, त्यात जंगल जास्त. तो ढगाळ दिवसासाठी राखून ठेवा.

ट्रान्झिट बसचं एक ध्यानात ठेवा. परत चढताना जागा असेल तरच घेतात, त्यामुळे तासभर थांबायची तयारी हवी. शेवटच्या बसच्या भरवशावर राहू नका, तिच्या आधीची पकडा. आणि थांबताना अंगावर गरम कपडे हवेत. चालताना घाम आलेला असतो आणि रस्त्यावर वारा असतो.

चाफेकळी
सर्वांचे मनापासून आभार! आता असं ठरतंय: गोतावळ्याला निरोप देऊन रेल्वेने फेअरबँक्स, तिथून कॅम्परव्हॅन, तेक्लानिकाला तीन रात्री. एक दिवस मी रेंजरबरोबर, नवरा बसमध्ये. एक दिवस दोघं ईस्ट फोर्कच्या पात्रात, नदी न ओलांडता. तिसरा दिवस मोकळा, हवेच्या मर्जीवर. निघताना सॅव्हेज अल्पाइन. टॉकीटनाचं विमान परतीच्या वाटेवर जमलं तर. शंकासुर, तुमचा मान ठेवला.

तीन रात्रींचं बुकिंग मात्र एका तारखेला अडलंय. दोन रात्री दाखवताहेत, तिसरी भरलेली.

मुग्धा_सिएटल
रोज सकाळी बघत राहा, लोक रद्द करतात. आणि तारखा एक दिवस पुढे-मागे करून बघा. आधीचे दोन दिवस पॅकेजमधून कापता येतात का तेही विचारा, कारण त्या हॉटेलच्या रात्री तुम्हाला फारशा उपयोगाच्या नाहीत.

शंकासुर
मान ठेवल्याबद्दल आभारी आहे. विमान शेवटच्या दिवशी ठेवू नका, हवा वाईट असली की उड्डाणं रद्द होतात. त्यानंतर निदान एक दिवस मोकळा हवा.

केशर_के
बेअर स्प्रे (अस्वलाला हुसकावायचा फवारा) कुठून घ्यावा? आम्हीही पुढच्या वर्षी जाऊ म्हणतोय.

डोंगरकाका
तिथे पोचल्यावरच. विमानात हातातल्या सामानातही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. परतताना कॅम्पग्राउंडवर नुकतं आलेलं कुणीतरी बघून त्यांना देऊन टाका. तारीख बघून द्या.